घटक ४ : एक क्रियापद, अनेक अर्थ – इंग्रजी 'रन' आणि मराठीतील त्याचे पर्याय

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास एखाद्या क्रियापदाचे निरनिराळे अर्थ एकमेकांपासून वेगळे ओळखता येतील. समानार्थी शब्द हा संपूर्ण शब्दाला नसतो, शब्दाच्या एखाद्या अर्थाला असतो, हे उदाहरणांनी स्पष्ट करता येईल. आणि इंग्रजी वाक्यातील 'रन'साठी प्रसंगानुसार मराठी क्रियापद निवडून त्या निवडीचे कारण देता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, काही वर्षांपूर्वी एका संपर्क सत्रात अर्थविचारावरचे व्याख्यान संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. वय चाळिशीच्या पुढचे, घरची शेती. त्याने पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. विहिरीवर बसवलेल्या पंपासोबत मिळालेले ते माहितीपत्रक होते. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. मराठी बाजूचे एक वाक्य त्याने पेनाने अधोरेखित केले होते : 'पंप धावून कोरडा करू नये.' त्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले, फूटव्हॉल्व्ह उघडा पडला आणि पंप पाण्यावाचून बराच वेळ सुरू राहून जळाला. विक्रेत्याने पत्रकाकडे बोट दाखवून हात वर केले. सूचना छापलेली होती, ती पाळली गेली नाही, एवढेच त्याचे म्हणणे. विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आम्ही ह्याचा अर्थ असा घेतला की पंप फडक्याने पुसून कोरडा करायचा नाही. आमचे चुकले का?"

इंग्रजी बाजूला सूचना होती : 'डू नॉट रन द पंप ड्राय.'

चूक वाचणाऱ्याची नव्हती. ज्याने अनुवाद केला त्याने शब्दकोशात 'रन' काढला, पहिला अर्थ उचलला आणि वाक्यात बसवला. भुर्दंड मात्र विहिरीच्या मालकाला पडला. आपल्यापैकी अनेक जण नोकरीच्या ठिकाणी पत्रे, सूचना, परिपत्रके मराठीत आणण्याचे काम करतात किंवा पुढे करतील. म्हणून ह्या घटकात आपण एकच इंग्रजी क्रियापद घेऊन त्याचा सविस्तर विचार करणार आहोत. त्या पत्रकातील वाक्याकडे शेवटी परत येऊ. तिथे केवळ 'रन' चुकलेला नाही, आणखीही काही चुकले आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ शब्दाचे वय आणि अर्थांची संख्या

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' ह्या क्रियापदाची होती. तिच्यात सुमारे ४३० अर्थ नोंदलेले होते. पुढे कोशाचे नव्याने संपादन सुरू झाल्यावर पीटर गिलिव्हर ह्या संपादकाने 'रन'ची नोंद हाती घेतली. त्या एका नोंदीला सुमारे नऊ महिने लागले आणि २०११ मध्ये एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले गेले. आगगाडी, इंजिन, कारखाना आणि त्यानंतर संगणक ह्यांनी ह्या क्रियापदाला नवी नवी कामे दिली, हे ह्या वाढीमागचे एक उघड कारण आहे.

हा आकडा ऐकून दडपून जाऊ नये. कोशकार फार बारीक चाळणीने चाळतो. इंग्रजी मातृभाषा असलेले मूल ६४५ अर्थ पाठ करत नाही. ते काही मोजक्या अर्थांवरून बाकीच्यांकडे आपोआप जाते. आपल्यालाही तीच वाट धरायची आहे. त्यासाठी शब्दाचा उगम पाहणे उपयोगाचे ठरते.

जुन्या इंग्रजीत 'रिन्नन' असे रूप होते आणि त्यातील वर्णांची अदलाबदल होऊन 'इर्नन' असेही रूप रूढ होते. मराठीत 'चिकटणे'चे 'चिटकणे' किंवा 'नुकसान'चे 'नुसकान' होते, तसाच हा वर्णविपर्यय. ह्या क्रियापदाचा अर्थ पायांनी धावणे एवढाच नव्हता, पाणी वाहणे हाही होता. जर्मन भाषेत आजही 'रेन्नेन' म्हणजे धावणे आणि 'रिन्नेन' म्हणजे वाहणे, पाझरणे, अशी ही दोन भावंडे शेजारी नांदतात. त्यामुळे माणूस 'रन' करतो हा खरा अर्थ आणि पाणी 'रन' करते ही मागाहून आलेली लक्षणा, असे मानता येत नाही. अडथळ्यावाचून एका दिशेने पुढे जात राहणे ही मूळ कल्पना दोहोंत समान आहे. हे सूत्र लक्षात ठेवावे. पुढचे बरेचसे अर्थ त्यातूनच उलगडतात.

आपल्याकडेही असेच होते. संस्कृत 'धाव्' हा धातू वेदकाळापासून धावणे आणि वाहणे ह्या दोन्ही अर्थांनी आढळतो. धातुपाठात त्याला गती आणि शुद्धी असे दोन अर्थ दिले आहेत. आजच्या मराठीत मात्र पाणी एरवी धावत नाही, वाहते. म्हणजे इंग्रजीने जो जुना संसार एकत्र ठेवला, तो मराठीने निरनिराळ्या क्रियापदांत वाटून दिला.

आणखी एक वाटणी ध्यानात घ्यावी. जुन्या इंग्रजीत स्वतः धावणे आणि दुसऱ्याला धावायला लावणे ह्यांसाठी दोन वेगळी क्रियापदे होती. दुसऱ्याचे रूप होते 'एर्नन'. कालांतराने दोन्ही एका 'रन'मध्ये मिसळली. त्यामुळे आज 'इंजिन रन्स' आणि 'ही रन्स द इंजिन' ह्या दोन्ही वाक्यांत तेच क्रियापद दिसते. मराठीने हा भेद जपला आहे : चालणे–चालवणे, पळणे–पळवणे. अनुवाद करताना पहिला प्रश्न म्हणून हाच विचारावा : इथला 'रन' अकर्मक आहे की सकर्मक? निम्मे घोटाळे ह्या एका प्रश्नाने टळतात.

४.२.२ एक शब्द की अनेक?

'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे शासनाला द्यायची रक्कम. आजच्या मराठी बोलणाऱ्याच्या मनात ह्या दोन अर्थांत काही नाते उरलेले नाही. त्याच्या दृष्टीने हे दोन शब्द आहेत, उच्चार तेवढा एक. 'डोळा' म्हणजे नेत्र आणि 'डोळा' म्हणजे बटाट्याचा किंवा उसाचा डोळा, इथे मात्र नाते दिसते. शब्द एकच, त्याचा अर्थ पसरला. ह्या दुसऱ्या प्रकाराला अनेकार्थता म्हणतात. युरोपीय भाषाविचारात ह्यासाठी 'पॉलिसेमी' ही संज्ञा फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल ह्यांनी १८९७ मधील आपल्या ग्रंथाने रूढ केली. पण ह्या गोष्टीची जाण आपल्या परंपरेत कितीतरी जुनी आहे. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग आहे. एका अर्थाचे अनेक शब्द आणि एका शब्दाचे अनेक अर्थ ही एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत, हे कोशकाराने तेव्हाच ओळखले होते.

'रन' हे अनेकार्थतेचे उदाहरण होय. त्याचे अर्थ वेगळे काढण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे विरुद्धार्थ शोधणे. धावणारा माणूस थांबतो. चालणारे यंत्र बंद पडते. वाहणारे नाक कोरडे होते किंवा चोंदते. निवडणुकीतला उमेदवार माघार घेतो. जितके विरुद्धार्थ वेगळे निघाले, तितके मूळ अर्थही वेगळे.

दुसरी कसोटी थोडी गमतीची आहे. एकाच क्रियापदाला दोन कर्मे जोडून पाहावीत. 'त्याने भाकरी आणि मार खाल्ला' हे वाक्य ऐकताच हसू येते, कारण 'खाणे'चे दोन अर्थ बळेच एका दावणीला बांधले आहेत. इंग्रजीत 'तो रोज दोन मैल आणि एक कारखाना रन करतो' असे कोणी म्हणाले, तर इंग्रज ऐकणाऱ्यालाही असेच हसू येईल. हसू आले की समजावे, इथे अर्थाची सीमा ओलांडली गेली.

आपली प्रगती तपासा : 'लागणे' ह्या मराठी क्रियापदाची पाच वाक्ये करा (ठेच लागणे, भूक लागणे, नोकरी लागणे इत्यादी) आणि प्रत्येकाचा विरुद्धार्थ लिहा. किती विरुद्धार्थ वेगळे निघाले?

४.२.३ पायांनी धावणे

ह्या अर्थाचे इंग्रजी पर्याय पुष्कळ आहेत. थोडे अंतर जीव तोडून धावणे म्हणजे 'स्प्रिंट', व्यायामासाठी संथ लयीत धावणे म्हणजे 'जॉग', एकदम झेपावणे म्हणजे 'डॅश', भीतीने पळणे म्हणजे 'फ्ली'. घोडा भरधाव सुटला तर 'गॅलप', बुजून उधळला तर 'बोल्ट'. ह्या शब्दांना समानार्थी म्हणायचे, पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. व्यायामासाठी कोणी 'फ्ली' करत नाही. इंग्रजी भाषा धावण्याची रीत क्रियापदातच भरते. मराठी बहुधा क्रियापद तेच ठेवून रीत शेजारच्या शब्दात सांगते. मूल दुडुदुडु धावते, गाडी सुसाट धावते, माणूस धापा टाकत धावतो. म्हणून प्रत्येक इंग्रजी क्रियापदासाठी मराठीत एकेक क्रियापद शोधत बसण्यात अर्थ नाही. क्वचित ते सापडतेही, आणि तेव्हा आनंद होतो : घोड्याच्या 'बोल्ट'ला 'उधळणे' ह्याहून नेमका शब्द मिळणार नाही.

मराठीत मुख्य निवड 'धावणे' आणि 'पळणे' ह्यांत करावी लागते. 'आग विझवायला लोक धावले' आणि 'आगीला भिऊन लोक पळाले' ही वाक्ये पाहा. त्यांतील क्रियापदांची अदलाबदल केली तर पहिले वाक्य विपरीत होते आणि दुसरे लंगडे पडते. धावणे हे कशाच्या तरी दिशेने असते, पळणे हे कशापासून तरी असते. म्हणून देवाचा धावा करतात आणि रणांगणातून पळ काढतात. मदतीला धावून येणारा आणि जबाबदारीपासून पळणारा ह्यांची क्रियापदे आपण कधी चुकवत नाही. नियमातली मोकळीक हवीच. अनेक बोलींत, विशेषतः पश्चिम महाराष्ट्राच्या बोलण्यात, 'पळत जा आणि मीठ घेऊन ये' ह्यात भीती नाही, पलायन नाही. तिथे पळणे म्हणजे नुसते वेगाने जाणे. आणि 'धावपळ' ह्या शब्दात तर दोघेही हातात हात घालून आले आहेत. तरीही लेखी, औपचारिक अनुवादात दिशेचा भेद पाळावा, असे माझे मत आहे.

४.२.४ वाहणे आणि त्याचा परिवार

नदी, नळ, नाक, आसवे, शाई, रंग ह्या सर्वांसाठी इंग्रजीत 'रन' चालतो. पर्याय म्हणून 'फ्लो', 'पोर', 'ट्रिकल', 'लीक' हे शब्द प्रमाणानुसार येतात. मराठीत मात्र पदार्थागणिक क्रियापद बदलते. नदी वाहते आणि समुद्राला मिळते. नाक वाहते किंवा गळते. आसवे ओघळतात. कपड्याचा रंग जातो, शाई कागदावर फुटते. 'नळ रनिंग ठेवू नका' ह्याचे मराठी 'नळ वाहता ठेवू नका' किंवा त्याहून बोलण्यातले 'नळ चालू ठेवू नका' असे होईल. 'रन अ बाथ' ह्यात तर वाहण्याचा उल्लेखही नको. आपल्या घरात आंघोळीचे पाणी काढतात.

४.२.५ इंग्रजी धावते, मराठी चालते

आता आपण ह्या घटकाच्या मुख्य मुद्द्याशी आलो. पुढील गोष्टी इंग्रजीत 'रन' करतात : यंत्र, घड्याळ, दुकान, संस्था, नाटक, खटला. मराठीत ह्या सर्व गोष्टी चालतात. यंत्र चालते, घड्याळ चालते, दुकान चालते, नाटक चालते, खटला वर्षानुवर्षे चालतो. त्यांच्यापैकी कोणीही धावत नाही. एखादे यंत्र धावते असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चाके लावलेले यंत्र उभे राहते.

असे का व्हावे? 'रन'च्या पोटात वाहते पाणी आहे, हे आपण पाहिले. पाण्याचे वाहणे ही दमछाक नव्हे, ती त्याची सहज स्थिती आहे. म्हणून सुरळीत चाललेल्या कामाला इंग्रजीत तो शब्द शोभतो. मराठी 'धावणे'त आज पाणी उरलेले नाही. त्यात घाई आहे, दम आहे, जिवाची तगमग आहे. सातत्य दाखवायचे तर मराठीला पायी चालणाऱ्याची संथ, न थांबणारी चाल आठवते.

हा फरक एका क्रियापदापुरता नाही. लॅटिन भाषेत 'कुर्रेरे' म्हणजे धावणे. त्यापासून इंग्रजीत 'करंट' आला, 'करन्सी' आला, 'कोर्स' आला. आता त्यांचे मराठी प्रतिशब्द पाहा. 'करंट अकाउंट'ला आपण चालू खाते म्हणतो, 'करंट अफेअर्स'ला चालू घडामोडी. 'करन्सी'ला चलन म्हणतो. तिथे धावणारा पैसा, इथे चालणारा पैसा. आणि आपण सध्या जो 'कोर्स' करत आहात, तो शब्दशः धाव आहे; 'करिक्युलम' हा तर शर्यतीचा मार्ग. त्याला मराठीत अभ्यासक्रम म्हणतात, आणि 'क्रम' ज्या संस्कृत धातूपासून आला त्याचा अर्थ आहे पाऊल टाकणे. नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्या आपणास ह्यांतला कोणता शब्द अधिक जवळचा वाटेल, हे मी सांगायला नको.

मात्र 'रन' दिसला की डोळे मिटून 'चालणे' लिहावे, असाही निष्कर्ष काढू नये. त्यात तीन खाचखळगे आहेत.

पहिला खळगा वाहनांचा. रस्त्यावरून, रुळांवरून जाणाऱ्या वाहनाला मराठीत धावण्याची मुभा आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, असेच आपण लिहितो. 'ही गाडी रविवारी धावत नाही' हेही रूढ आहे. गंमत अशी की 'धावत्या गाडीतून उतरू नये' आणि 'चालत्या गाडीत चढू नये' ही दोन्ही वाक्ये आपल्याला सारखीच स्वाभाविक वाटतात. रस्ता मात्र धावतही नाही आणि चालतही नाही. 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर' ह्याचे मराठी 'रस्ता नदीच्या कडेने जातो'. रस्ता जागचा हलत नसताना दोन्ही भाषा त्याला गती देतात. लेनर्ड टाल्मी ह्या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने अशा वापराला काल्पनिक गती असे नाव दिले आहे.

दुसरा खळगा अधिक फसवा आहे. 'त्याचे दुकान चालत नाही' ह्याचा अर्थ दुकान बंद आहे असा होत नाही. दुकान रोज उघडते, दिवाबत्ती होते, पण गिऱ्हाईक फिरकत नाही. म्हणजे मराठी 'चालणे'त यशाची एक छटा दडलेली आहे. 'चित्रपट तीन तास चालतो' ह्यात लांबी आहे, 'चित्रपट पंचवीस आठवडे चालला' ह्यात लोकप्रियता आहे, आणि 'चित्रपट चालला नाही' ह्यात निर्मात्याचे कर्ज आहे. इंग्रजी मजकुरात 'द शॉप इज नॉट रनिंग नाउ' असे असेल तर मराठीत 'दुकान सध्या बंद आहे' असेच लिहावे. 'चालत नाही' असे लिहून एखाद्याच्या धंद्याची विनाकारण बदनामी करू नये.

तिसरा खळगा उलट दिशेचा. मराठी 'चालणे' स्वतःच विलक्षण अनेकार्थी आहे. 'उपवासाला साबुदाणा चालतो', 'फाटकी नोट चालणार नाही', 'आज डोके चालत नाही', 'चहा चालेल का?' ह्यांतल्या एकाही वाक्यात 'रन' बसत नाही. 'चालेल' ह्या एका शब्दात आपण परवानगी देतो, तडजोड करतो, होकार देतो, कधी कधी नाराजीही व्यक्त करतो. म्हणून इंग्रजी 'रन' बरोबर मराठी 'चालणे' असे समीकरण मांडता येत नाही. दोन मोठी वर्तुळे काही भागात एकमेकांवर येतात, एवढेच म्हणता येते. कोश तो समाईक भाग दाखवतो. उरलेला भाग बोलणाऱ्याच्या कानाला माहीत असतो.

आपली प्रगती तपासा : 'चालू' हे विशेषण पंखा, वर्ष, खाते आणि माणूस ह्या चार नामांना लावा. चौथ्या ठिकाणी अर्थाने कोणते वळण घेतले, ते दोन-तीन वाक्यांत लिहा.

४.२.६ चालवणे, सांभाळणे, लढवणे

सकर्मक 'रन'चे इंग्रजी पर्याय म्हणजे 'ऑपरेट', 'मॅनेज', 'डायरेक्ट', 'कंडक्ट'. यंत्र असेल तर पहिला, माणसे व पैसा असेल तर दुसरा, अशी साधारण विभागणी आहे. मराठीत 'चालवणे' ह्या सर्वांना पुरते : यंत्र चालवणे, संस्था चालवणे, शिबिर चालवणे. पण एका वाक्याशी थांबावे लागते. 'शी रन्स द हाउस.' ह्याचे मराठी 'ती घर चालवते' की 'ती घर सांभाळते'? मराठीत जो घर चालवतो तो कमावतो, खर्चाची तोंडमिळवणी करतो. जी व्यक्ती घर सांभाळते ती स्वयंपाकपाणी, मुले, म्हातारी माणसे पाहते. इंग्रजी वाक्य ह्यांतले काहीच उघड सांगत नाही. अनुवादकाने एक क्रियापद उचलले की त्या बाईच्या आयुष्याविषयी त्याने काहीतरी ठरवून टाकले. म्हणून आधीची-नंतरची वाक्ये वाचल्याशिवाय इथे लेखणी उचलू नये. माझ्या वर्गातील अनेक विद्यार्थिनी दोन्ही करतात, आणि त्या मला हा फरक माझ्याहून चांगला समजावून सांगतात.

निवडणुकीच्या संदर्भात अमेरिकी इंग्रजी 'रन' वापरते, ब्रिटिश इंग्रजीचा कल 'स्टँड'कडे आहे. अमेरिकी उमेदवार धावतो, ब्रिटिश उमेदवार उभा राहतो. मराठी उमेदवार निवडणुकीला उभाही राहतो आणि ती लढवतोही. वृत्तपत्राने बातमी 'रन' केली म्हणजे छापली. रुग्णाला 'टेम्परेचर' असेल तर त्याला ताप आहे. तपासणी 'रन' करायची असेल तर ती करायची, चालवायची नव्हे. संगणकावरचा प्रोग्रॅम मात्र आज सगळे 'रन' करतात. 'चालवणे' तिथेही शोभते, पण रूढ झालेल्या शब्दाशी भांडण उकरून काढण्याची गरज मला वाटत नाही.

४.२.७ जोडशब्दांची वाट

'रन'च्या मागे 'आउट', 'इन्टू', 'ओव्हर', 'अप' असे छोटे शब्द आले की अर्थ पूर्ण पालटतो. क्रिकेटमधला 'रन आउट' आपण 'धावबाद' असा सुंदर मराठीत आणला आहे. पण घरातली साखर 'रन आउट' झाली तर ती धावबाद होत नाही, संपते. जुना मित्र 'रन इन्टू' झाला तर अचानक गाठ पडते, मोटार भिंतीला 'रन इन्टू' झाली तर आदळते. बिल 'रन अप' झाले म्हणजे उधारी चढली. काही ठिकाणी मराठीने 'रन'चे धावणे तसेच स्वीकारले आणि ते अंगवळणी पडले : धावपट्टी, धावते समालोचन, धावफलक. विमान, सामना आणि चेंडू ह्यांत वेग खरोखर असल्यामुळे हे शब्द खटकले नसावेत. ह्या गटासाठी नियम देता येत नाही. प्रत्येक जोड स्वतंत्र शब्द समजून शिकावी.

४.२.८ पंपाचे वाक्य

आता 'डू नॉट रन द पंप ड्राय' ह्याकडे परत येऊ. 'रन' सकर्मक आहे, कर्म यंत्र आहे, म्हणून 'चालवणे'. इथवर आपण सहज येतो. खरी गाठ 'ड्राय'पाशी आहे.

'द वेल हॅज रन ड्राय' हे वाक्य घ्या. विहीर आटली. इथे 'ड्राय' हा क्रियेचा परिणाम आहे. आधी पाणी होते, नंतर राहिले नाही. ह्या रचनेत 'रन'चा अर्थ 'होणे'च्या जवळ जातो. पंपाच्या वाक्यात 'ड्राय' परिणाम नाही. ती क्रिया चालू असतानाची पंपाची स्थिती आहे : पंपात पाणी नसताना तो चालवला जातो. 'भाजी कच्ची खाल्ली' ह्यात भाजी खाल्ल्यामुळे कच्ची झाली नाही, ती कच्ची असतानाच खाल्ली. आणि 'भिंत पांढरी रंगवली' ह्यात रंगवल्यामुळे ती पांढरी झाली. मराठीतही ही दोन वाक्ये वरवर सारखीच दिसतात. विशेषण स्थिती सांगते की परिणाम, हे आपण क्रियेच्या स्वभावावरून ओळखतो. पत्रकाच्या अनुवादकाने स्थितीला परिणाम समजून 'कोरडा करू नये' असे लिहिले आणि सूचनेचा जीवच गेला. पंपातील फिरत्या भागांना पाणीच थंड ठेवते. पाणी नसताना ते भाग घासून तापतात, म्हणून ती सूचना होती. 'पाण्याशिवाय पंप चालवू नये' एवढे चार-पाच शब्द पुरे होते. त्या विद्यार्थ्याला मी हे वाक्य सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, आमच्याकडे 'मोटार कोरडी चालवू नको' असं म्हणतात. हे तर आम्हाला माहीतच होतं."

त्याचे वाक्य माझ्या वाक्याहून सरस आहे. यंत्राशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याच्याकडे शब्द तयार असतो. अनुवादकाने कोश उघडण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे, किंवा निदान नंतर तरी वाचून दाखवावे.

४.३ स्वाध्याय

(अ) पुढील वाक्यांतील 'रन'साठी योग्य मराठी क्रियापद योजून अनुवाद करा आणि प्रत्येक निवडीचे कारण एका वाक्यात द्या : 'द कलर्स रॅन इन द वॉश.' 'द मीटिंग रॅन लेट.' 'शी रॅन टू हेल्प हिम.' 'द बस रन्स एव्हरी अवर.' 'वुई आर रनिंग शॉर्ट ऑफ टाइम.'

(आ) 'धावणे' आणि 'पळणे' ह्यांचा आपल्या बोलीतील वापर तपासा. घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीच्या बोलण्यातील पाच वाक्ये जशीच्या तशी लिहून घ्या आणि ४.२.३ मध्ये सांगितलेला दिशेचा भेद त्यांत आढळतो का, ते सांगा. आढळला नाही तर तसे निःसंकोच लिहा.

(इ) आपल्या घरातील कोणत्याही उपकरणाचे मराठी माहितीपत्रक घ्या. त्यातील न समजणारे एक वाक्य निवडा, मूळ इंग्रजी वाक्याशी ताडून पाहा, आणि ते उपकरण रोज वापरणाऱ्या माणसाला कळेल अशा मराठीत पुन्हा लिहा. संपर्क सत्राला येताना ते पत्रक सोबत आणावे.